उरलेलं हायड्राइड कोणी मारायचं?

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत रिॲक्शन लावायला सगळे तयार असतात, ती नीट संपवायला कोणी तयार नसतं. माझी तक्रार एवढीच आहे. विभागाच्या बैठकीत, जिन्यात, तोंडी परीक्षेच्या टेबलावर ती मी पुन्हा पुन्हा केली आहे. फरक पडलेला नाही, म्हणून आता लिहूनच काढते.

टीएलसीच्या पट्टीवरून मूळ पदार्थाचा ठिपका नाहीसा झाला की विद्यार्थी खूश होतो. व्हावंच त्यानं, दिवसभर उभं राहून काम केलेलं असतं. पण त्या घडीला फ्लास्कमध्ये हव्या असलेल्या पदार्थाबरोबर आणखीही काही शिल्लक असतं. क्षपण पुरतं व्हावं म्हणून क्षपणक गरजेपेक्षा जास्त घातलेला असतो. दीडपट, दुप्पट, कधी त्याहूनही जास्त. म्हणजे तो उरणार हे हिशेबातच धरलेलं असतं. जे उरणार हे सकाळी वजन करतानाच माहीत होतं, त्याचं काय करायचं याचा विचार संध्याकाळी सुरू करायचा, ही रीत मला कधीच पटलेली नाही.

हे क्षपणक शांत स्वभावाचे नसतात. लिथियम ॲल्युमिनियम हायड्राइड, म्हणजे आमच्या बोलण्यातलं एलएएच, एस्टर, ॲमाइड, कार्बोक्झिलिक आम्ल अशा चिवट मंडळींनाही हायड्रोजन देऊन मोकळं होतं. पाणी भेटलं तर ते त्याहून घाई करतं. १ ग्रॅम एलएएचवर पुरेसं पाणी पडलं की खोलीच्या तापमानाला साधारण अडीच लिटर हायड्रोजन सुटतो. १० ग्रॅमला २५ लिटर. हवेत ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत कुठल्याही प्रमाणात मिसळलेला हायड्रोजन पेटू शकतो, आणि पेटायला त्याला स्विचमधली ठिणगी पुरते. वर ही अभिक्रिया स्वतःच भरपूर उष्णता सोडते. आणि भोवती द्रावक कोणता, तर ईथर नाहीतर टीएचएफ. ईथर ३५ अंशांना उकळतं. विदर्भात मे महिन्यात खोलीचंच तापमान त्याच्या वर गेलेलं असतं.

हे सगळं संपवायची पद्धत नवी नाही आणि गुपितही नाही. फिनहोल्ट, बाँड आणि श्लेसिंजर यांनी शिकागोहून १९४७ मध्ये एलएएच जगापुढे आणलं. १९५३ मध्ये बेलग्रेडच्या मिचोविच आणि मिहाइलोविच यांनी ते पाण्यानं संपवायचं प्रमाण छापलं. पुढे फीझर दांपत्याच्या ग्रंथामुळे ते फीझर पद्धत म्हणून रूढ झालं. जितके ग्रॅम एलएएच घातलं, तितके मिलिलिटर पाणी. मग तितकेच मिलिलिटर १५ टक्क्यांचं सोडियम हायड्रॉक्साइड. मग तिप्पट पाणी. आठवीतल्या मुलालाही पाठ होईल इतका सोपा हिशेब आहे हा.

सोपं नाही ते हातानं करणं, आणि तेच आम्ही शिकवत नाही. फ्लास्क बर्फात असला पाहिजे, नायट्रोजन चालू असला पाहिजे, वायूला बाहेर पडायला मोकळी वाट पाहिजे, मिश्रण कोरड्या ईथरनं चांगलं पातळ केलेलं पाहिजे. फ्लास्क अर्ध्याहून कमी भरलेला हवा, कारण फेस वर चढतो. पहिला थेंब पडला की चुर्र आवाज येतो, तेवढी जागा करड्याची पांढरी होते, बुडबुडे उसळतात. इथे थांबायचं. बुडबुडे बसू द्यायचे, थर्मामीटर बघायचा, मग दुसरा थेंब. त्या एका थेंबातून ७० मिलिलिटरच्या आसपास हायड्रोजन निघून गेलेला असतो, हे डोक्यात ठेवलं की हात आपोआप आवरतो. सुरुवातीचे थेंब सगळ्यात वाईट. पुढेपुढे फ्लास्क थंडावत जातो. सोडियम हायड्रॉक्साइड आणि शेवटचं पाणी जाईपर्यंत करड्या चिखलाचा पांढरा, रवाळ साका झालेला असतो. तो सेलाइटवरून झरझर गाळला जातो आणि खाली काचेसारखं स्वच्छ द्रावण मिळतं. नीट झालेला क्वेंच, म्हणजे उरलेलं असं संपवणं, बघायला मला आजही आवडतं. प्रयोगशाळेत इतकं समाधान देणारं काम थोडंच असतं.

घाई केली, प्रमाण चुकवलं, तर रवाळ साक्याऐवजी खळ तयार होते. ढवळणारं मॅग्नेट त्यात रुतून बसतं. वर पाणी साचत राहतं आणि खाली, खळीच्या आत, न संपलेलं हायड्राइड तसंच असतं. मग कोणीतरी फ्लास्क क्लॅम्पमधून काढून हातानं हलवतं. हे मी पाहिलेलं आहे. हलवणाऱ्याला असं वाटत असतं की वरून पाणी घातलंय, म्हणजे काम झालंय.

आणि मग लाइट जाते. तालुक्याच्या गावी कॉलेज असेल तर हे सांगायलाही नको. लाइट गेली की ढवळणी थांबते, फ्यूम हूडचा पंखाही थांबतो. म्हणजे हायड्रोजन बाहेर नेणारी आणि पाणी सगळीकडे सारखं पसरवणारी, दोन्ही यंत्रं एकदम बंद. त्या वेळी ड्रॉपिंग फनेलचा नळ पहिल्यांदा बंद करायचा असतो. विद्यार्थी मात्र मोबाइलचा टॉर्च लावतात आणि उरलेलं पाणी ‘संपवून टाकतात’. लाइट आल्यावर मॅग्नेट फिरू लागतं आणि तेवढ्या वेळात साचलेलं सगळं पाणी हायड्राइडला एकदम भेटतं. मोठ्या प्रमाणावर काम असेल तर हाताशी यूपीएसवरचा ढवळा असावा, निदान लाइट गेल्यावर काय करायचं ते हूडच्या काचेवर लिहून लावलेलं असावं. एका कागदाचं काम आहे. तेवढंही होत नाही.

विद्यार्थ्यांना दोष देताना मला शोधनिबंधांचाही राग येतो. तापमान दिलेलं असतं, वेळ दिलेली असते, एनएमआरचे आकडे दोन दशांश स्थळांपर्यंत असतात. क्वेंच मात्र एका ओळीत आटोपलेला असतो: मिश्रण थंड करून सावकाश पाणी घातलं. किती पाणी, किती वेळात, किती मोठ्या फ्लास्कमध्ये, वायूला वाट कुठून, यातलं काही नाही. निबंधातला प्रयोग १०० मिलिग्रॅमवर केलेला असतो, त्यातून पाव लिटर वायू निघतो. आमचा विद्यार्थी तोच प्रयोग २० ग्रॅमवर करतो तेव्हा ५० लिटर निघतो. शिवाय मोठ्या फ्लास्कमधली उष्णता बर्फापर्यंत पोचायला वेळ लागतो. दोनशे पट मोठं काम त्याच एका ओळीच्या भरवशावर करायला लावणं हे चूक आहे, आणि लिहिणाऱ्यांना ते माहीत असतं. ‘ऑर्गॅनिक सिंथेसिस’ची मालिका १९२१ पासून निघते. तिच्यातली प्रत्येक कृती छापण्याआधी दुसऱ्या प्रयोगशाळेत करून पाहिली जाते, आणि शेवटी टिपांमध्ये धोके लिहिलेले असतात. म्हणजे असं लिहिता येतं. बाकीचे लिहीत नाहीत.

वेळेचं तर बोलायलाच नको. रिॲक्शन सकाळी अकराला लागते, दुपारी चारला संपते आणि क्वेंचला हात घातला जातो तो साडेपाचला, कारण मधे चहा झाला, कोणाचा फोन आला, टीएलसी पुन्हा एकदा पाहून झाली. साडेसहाची एसटी पकडायची असते. ज्या कामाला तासभर शांतपणे उभं राहायला हवं, ते वीस मिनिटांत उरकलं जातं. नाहीतर फ्लास्कला फुगा लावून रात्रभर ठेवला जातो, ‘मॅडम, उद्या बघतो’ म्हणून. उद्या तो विद्यार्थी परीक्षेच्या ड्यूटीवर असतो किंवा आजारी पडलेला असतो. फ्लास्कवर नाव नसतं, तारीख नसते, आत काय उरलंय ते लिहिलेलं नसतं. आणि पुढच्या माणसाला तो हूड हवा असतो.

आता पदवीच्या वर्गाकडे वळते, कारण महाराष्ट्रातल्या बहुतेक रसायनशास्त्राच्या मुलांची या प्रकाराशी पहिली गाठ तिथेच पडते. लॅसाइनची चाचणी. सेंद्रिय पदार्थात नायट्रोजन, गंधक, हॅलोजन आहे का ते शोधायला सोडियमचा लहानसा तुकडा फ्यूजन ट्यूबमध्ये पदार्थाबरोबर लालबुंद तापवायचा आणि ट्यूब डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून फोडायची. ट्यूब पुरेशी तापली नसेल तर आत न जळलेलं सोडियम उरतं आणि पाण्यात बुडवताच ताड्कन उडतं. म्हणून गॉगल. हे प्रत्येक शिक्षक सांगतो, मीही सांगते.

जे कोणी सांगत नाही ते त्याच्या आधीचं आहे. सोडियम रॉकेलमधून चिमट्यानं काढायचं, फिल्टर पेपरवर टिपायचं, चाकूनं वरचा पांढरट थर तासायचा आणि आतला चकचकीत तुकडा घ्यायचा. त्या तासलेल्या थराचे कपटे आणि ते टिपलेले फिल्टर पेपर जातात कुठे? वीस-बावीस मुलांची बॅच असते. निम्मे कागद बाकावरच राहतात, काही सिंकमध्ये जातात, उरलेले टेबलाखालच्या कचऱ्याच्या डब्यात. सोडियम ९८ अंशांना वितळतं. पाण्याला लागलं की स्वतःच्याच उष्णतेनं त्याचा गोळा होतो आणि पाण्यावर सैरावैरा धावतो. रॉकेल लागलेल्या कागदात गुंडाळलेला असा कपटा ओला झाला तर कागद पेटतो.

आणि डबा उचलतं कोण? मावशी उचलतात. प्रॅक्टिकल संपल्यावर त्या ओलं फडकं घेऊन बाक पुसतात, कागद गोळा करतात, डब्यात टाकतात. त्या डब्यात कोणीतरी चहाचा कप तिरका टाकलेला असतो. मावशींनी सोडियम शिकलेलं नाही, त्यांनी ते ओळखावं अशी अपेक्षा कोणी करूही नये. ज्यांना ते काय आहे हे माहीत आहे, ज्यांच्या जर्नलवर त्याचं समीकरण आहे, त्यांनी ते मावशींच्या हातात पडू दिलं, ही माझी या लेखातली सगळ्यात मोठी तक्रार आहे. डब्यातून धूर आला की ओरडा मावशींना बसतो. हे मला सहन होत नाही.

उपाय फार नाही. प्रत्येक बॅचला कोरडं रॉकेल घातलेली एक रुंद तोंडाची, झाकणाची बरणी द्यायची. कपटे तिच्यात, कागद वेगळ्या पत्र्याच्या डब्यात. प्रॅक्टिकल संपलं, सगळे बर्नर विझले, की शिक्षकानं स्वतः हूडमध्ये उभं राहून ते कपटे आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये एकेक करून सोडायचे. बर्नर विझायच्या आत नाही, कारण अल्कोहोलही पेटतं आणि सुटणारा हायड्रोजनही.

आयसोप्रोपिलच का, असं मुलं विचारतात, आणि हा चांगला प्रश्न आहे. पाणी सोडियमला एकदम झोंबतं, मेथनॉलही बऱ्यापैकी वेगानं. आयसोप्रोपिल त्या मानानं मंद आहे, उष्णता हळू सुटते. म्हणून आधी ते, मग इथेनॉल, आणि धातूचा एकही कण दिसत नाही अशी खात्री झाल्यावर सगळ्यात शेवटी थेंबथेंब पाणी. यातलं फसवं ठिकाण शेवटी येतं. सोडियमभोवती अल्कॉक्साइडचा पांढरा थर जमतो, बुडबुडे थांबतात, तळाला पांढरे खडे तेवढे दिसतात. बघणाऱ्याला वाटतं संपलं. काचेच्या कांडीनं खडा दाबला तर आत चकाकतं. म्हणून रात्रभर ढवळत ठेवायचं, दुसऱ्या दिवशी ताजं अल्कोहोल घालायचं, आणि तरीही पाणी घालण्याआधी पुन्हा बघायचं. पोटॅशियमला हे सगळं आणखी सावकाश, टर्शरी ब्यूटेनॉलपासून सुरुवात करून. जुन्या पोटॅशियमवर पिवळा-नारिंगी थर चढलेला दिसला तर त्याला चाकू लावायचाच नाही. तो थर सुपरऑक्साइडचा असतो, कापताना स्फोट होऊ शकतो. तशी बाटली दिसली की हात न लावता वरिष्ठांना बोलवायचं.

टीएचएफ कोरडं करायला सोडियम-बेन्झोफेनोनचं स्टिल अजून कितीतरी ठिकाणी चालू आहे. निळा रंग सुंदर दिसतो हे खरं. पण ते स्टिल कधीतरी मारावं लागतं आणि ते काम नेहमी नव्या मुलाच्या वाट्याला येतं, कारण जुन्यांना त्याचा त्रास माहीत असतो. ३ अँगस्ट्रॉमच्या मॉलेक्युलर सीव्हवर दोन-तीन दिवस ठेवलेलं टीएचएफ बहुतेक कामांना पुरेसं कोरडं होतं. तिथे ना सोडियम उरतं, ना मारावं लागतं. जिथे उरणारच नाही अशी वाट आहे तिथे ती धरायला काय हरकत आहे, हे मला आजवर कोणी समजावून सांगितलेलं नाही.

बोरोहायड्राइडला सगळे गरीब समजतात. मेथनॉलमध्ये टाका, फसफसेल, संपेल. त्याचा जन्म कशासाठी झाला ते आठवावं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन लष्कराच्या सिग्नल कोअरला रणभूमीवर फुगे भरायला हायड्रोजन हवा होता, आणि पाण्यातून तो काढून देणारा पदार्थ म्हणून श्लेसिंजर आणि हर्बर्ट ब्राउन यांनी शिकागोत सोडियम बोरोहायड्राइडवर काम केलं. कोबाल्टचा क्षार घातला की हायड्रोजन वेगानं सुटतो हे त्यांनी दाखवलं. ते शुद्ध करायला ॲसिटोन वापरून पाहिलं तेव्हा ॲसिटोनचंच क्षपण होतंय असं दिसलं, आणि तिथून त्याचा क्षपणक म्हणून उपयोग सुरू झाला. आज उरलेलं बोरोहायड्राइड संपवायला आपण ॲसिटोनच घालतो. ब्राउन यांना १९७९ मध्ये नोबेल मिळालं. हा इतिहास वर्गात सांगितला की मुलं जागी होतात.

तर हायड्रोजन देणं हे त्याचं मूळ काम आहे, आणि अल्कलीत ते सहजासहजी संपत नाही. कडक कॉस्टिकमध्ये विरघळवलेलं १२ टक्क्यांचं बोरोहायड्राइड कारखान्यांना पिंपांतून विकलं जातं, इतकं ते टिकतं. मग विद्यार्थी वर्कअपमधला अल्कलीयुक्त पाण्याचा थर ‘ॲक्वियस वेस्ट’च्या बाटलीत ओततो आणि झाकण घट्ट लावतो. दुपारी दुसरा कोणी त्याच बाटलीत आम्ल ओततो, तिसरा निकेलचं नाहीतर कोबाल्टचं द्रावण. बाटली फुगते. हे टाळायला आधी ॲसिटोन घालून ढवळायचं, मग बर्फात ठेवून थेंबथेंब सौम्य आम्ल, बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत, आणि मगच बाटलीकडे जायचं. बाटलीला भोकाचं झाकण, आणि बाटलीवर कागद चिकटवलेला: काय ओतलं, कोणी, कधी. सायनोबोरोहायड्राइड असेल तर आम्लाचं नावच काढायचं नाही, कारण हायड्रोजन सायनाइड सुटतं. त्याची बाटली पूर्ण वेगळी.

पॅलेडियम-कार्बनबद्दल थोडक्यात सांगते. हायड्रोजनेशन झाल्यावर गाळणीवर उरलेला काळा लगदा पंप लावून कोरडा ओढायचा नाही. त्यानं हायड्रोजन शोषलेला असतो, त्याला मेथनॉलची वाफ आणि हवा मिळाली की तो ठिणगीशिवाय पेटतो. नायट्रोजनखाली गाळायचा, लगदा सतत ओला ठेवायचा, पाण्यानं धुवायचा आणि ओला असतानाच लेबलच्या बाटलीत पाण्याखाली ठेवायचा. रेनी निकेललाही हाच नियम. ‘गाळून झालं’ म्हणून तो फिल्टर पेपर पुन्हा त्याच डब्यात जातो. पुन्हा मावशी.

आगीच्या बादल्या तर मी आता रोज बघतेच. लाल रंगाच्या, भिंतीला टांगलेल्या. वाळू असते, पण पावसाळ्यात ओल धरलेली, आणि वर गुटख्याच्या पुड्या, बसची तिकिटं, वाळलेली पानं. पेटलेल्या एलएएचवर ओली वाळू टाकली तर आपणच त्याला पाणी पुरवतो. शेजारी कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर असतं, तेही एलएएच किंवा सोडियमवर चालत नाही, उलट आग वाढते. धातूंच्या आगीसाठी डी वर्गाचं अग्निशामक लागतं, ते नसेल तर पूर्ण कोरडी वाळू, झाकणाच्या डब्यात, हूडच्या शेजारी, हात लांबवला की मिळेल अशी. भट्टीत तापवून कोरडी केलेली वाळू आणि एक पत्र्याचा डबा याला किती खर्च येतो?

सगळ्यात जुना ढीग स्टोअरमध्ये असतो. एखादा विद्यार्थी पीएच.डी. मिळवून जातो, त्याच्या मागे डेसिकेटरमध्ये अर्धवट डबे राहतात. लेबलवरची शाई उडालेली, झाकण गंजलेलं, आतली पावडर काय आहे ते त्यालाच ठाऊक, आणि तो आता दुसऱ्या खंडात पोस्टडॉक करतोय. वर्षानुवर्षं कोणी हात लावत नाही. मग नॅकची समिती येणार असं कळतं आणि दोन दिवसांत कपाटं रिकामी करायचा आदेश निघतो. जे पाच वर्षं सावकाश मारायचं राहिलं ते दोन दिवसांत मारायला निघतात. त्या दोन दिवसांत माझा जीव थाऱ्यावर नसतो. घातक कचरा ९० दिवसांपेक्षा जास्त साठवू नये असं २०१६ चे नियम सांगतात. पण अनोळखी, जिवंत हायड्राइडचा डबा कचरा नेणारी गाडीही सहजासहजी उचलत नाही. ते ज्याचं त्यानं, ओळख ताजी असतानाच, संपवायला हवं होतं.

हे सगळं बारीकसारीक आहे असं मला सांगितलं जातं. डिसेंबर २००८ मध्ये लॉस एंजलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात एक २३ वर्षांची संशोधन-सहायक सिरिंजनं टर्शरी ब्यूटिललिथियम काढत होती. सिरिंजचा दट्ट्या निसटला, द्रावण हवेला लागताच पेटलं, अंगातल्या स्वेटरनं पेट घेतला. लॅब कोट नव्हता. जानेवारीत ती गेली. तो क्वेंच नव्हता हे मला माहीत आहे. पण कोट नसणं, शेजारी द्रावकाचा फ्लास्क उघडा असणं, काम पुरतं न शिकवलेलं असणं, या त्या दिवशीच्या गोष्टीही बारीकसारीकच होत्या. आमच्याकडे त्या रोज असतात.

मला हवंय ते फार नाही. विद्यार्थ्यानं वहीत रिॲक्शन लिहितानाच, वजन करायच्या आधी, शेवट कसा करणार ते लिहावं: किती क्षपणक उरेल, त्यातून किती लिटर वायू निघेल, कशानं संपवणार, किती वेळ लागेल. गाईडनं ते पान वाचल्याशिवाय हायड्राइडचा डबा स्टोअरमधून देऊ नये. दुपारी चारनंतर क्वेंच सुरू करू नये, एकट्यानं तर कधीच नाही. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत उताऱ्याला गुण आहेत, वितळणबिंदूला आहेत, उरलेलं नीट संपवण्यालाही दोन गुण द्या. मुलं जे गुणाला येतं ते शिकतात. आणि विभागप्रमुखांना एक विनंती: जाणाऱ्या विद्यार्थ्याच्या नो ड्यूजच्या कागदावर ग्रंथालयाची सही लागते, तशीच त्याच्या शेल्फची, डेसिकेटरची आणि फ्रिजमधल्या बाटल्यांचीही सही लावा. ती सही टेबलावर बसून करू नका. उठून शेल्फ बघून या, आणि मग करा.